सुट्टीची बोट, कुणाचा तरी संसार

आमच्या गटातल्या एका ताईंची लेक इंग्लंडात असते. ती म्हणाली, "आई, या वेळी कालव्यातून बोटीनं फिरू." ताई आम्हाला विचारू लागल्या, "कालव्यात कसली सहल गं?" आपल्याला कालवा म्हटलं की पाण्याची पाळी आणि रात्री दारं धरायला जाणं एवढंच आठवतं. म्हणून आज तिथल्या कालव्यांची गोष्ट.

ते कालवे शेतीसाठी नव्हते, मालासाठी होते. १७६१ साली वर्स्लीच्या खाणीतला कोळसा कालव्यानं मँचेस्टरला येऊ लागला आणि तिथं कोळशाचा भाव निम्म्यावर आला. मग देशभर कालवे खणले गेले. बोट सुमारे ७० फूट लांब, पण रुंदी फक्त ७ फूट. काठानं एक घोडा चालायचा आणि २५ टन माल ओढायचा.

चढ आला की लॉक. दोन दरवाजांच्या मधे बोट घ्यायची, मागचा दरवाजा लावायचा, झडप उघडून पाणी भरायचं. पाणी चढलं की बोट चढते. आजही हे काम प्रवाशांनाच हातानं करावं लागतं. म्हणून सहल आखताना सोपा हिशेब करतात: मैल आणि लॉक यांची बेरीज करा, तिला ३ नं भागा, तेवढे तास लागतात. ब्राउन्स्टन ते स्टोक ब्रुअर्न सुमारे २० मैल आणि १३ लॉक. म्हणजे ११ तास. दोन दिवस आरामात जातात.

पण या हिशेबात एक जुना हिशेब राहून जातो. १८४० नंतर रेल्वे आली, मालाचे दर पडले. नावाड्याला ना गडी परवडेना, ना काठावरचं घर. मग बायको-पोरं बोटीवर आली. माल ठेवायच्या जागेला हात लावायचा नाही, म्हणून संसार मागच्या १० फुटांच्या खोलीत. तिथंच चूल, तिथंच बाळंतपण. पुढं इंजिन आलं, तेव्हा इंजिनाच्या बोटीमागं दुसरी बोट बांधली जाई. तिचं सुकाणू बाईच्या हाती. मूल काखेत, भाकरीची चिंता डोक्यात आणि लॉकचे दरवाजेही तिनंच ढकलायचे. कंपनी पैसे मात्र नवऱ्याच्या हाती देई. तिच्या नावाचा वेगळा पगार नव्हता.

आपल्याकडच्या ऊसतोडीला गेलेल्या बहिणींना हे सांगावं लागणार नाही. तिथंही नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात आणि उचल बहुधा नवऱ्याच्या हातात पडते.

१८७७ साली कायदा झाला. बोटींची नोंदणी, एका खोलीत माणसं किती, मुलांची शाळा, सगळं कागदावर आलं. पण बोट रोज पुढं जाणार, मूल शाळेत बसणार कधी? पिढ्यान्‌पिढ्या बहुतेक बाया निरक्षर राहिल्या.

दुसऱ्या महायुद्धात माणसं कमी पडली, तेव्हा शहरातल्या शिकलेल्या मुलींना या कामावर घेतलं. तिघी मिळून बोटींची जोडी चालवत, लंडनहून बर्मिंगहॅमकडे माल नेत, येताना कोळसा आणत. त्यांना मोबदला मिळे. त्यांतल्या काहींनी पुस्तकंही लिहिली. एमा स्मिथ यांचं पुस्तक १९४८ साली आलं. म्हणून त्यांची दोन-तीन वर्षं आज जगाला माहीत आहेत. ज्यांनी जन्म काढला, त्यांना लिहिता येत नव्हतं.

म्हणून ताईंना आम्ही एवढंच सुचवलं. ब्राउन्स्टनला उतराल तेव्हा चर्चमध्ये जाऊन या. नावाडी कुटुंबांची लग्नं तिथं लागत, माणसं तिथंच पुरली जात. स्टोक ब्रुअर्नला कालव्याचं संग्रहालय आहे. तिथंच लॉकच्या काठी मेरी वॉर्ड नावाच्या परिचारिका नावाडी कुटुंबांची दुखणी-बाळंतपणं पाहत. आणि लॉकचा दरवाजा पाठ लावून ढकलाल, तेव्हा आठवा, अशाच लाकडाला पोटुशी बाईनंही पाठ लावली असेल.

मैत्रिणींनो, तुमच्या घरातल्या आजीनं, आईनं बिनपगारी काय काय काम केलं, ते वहीत लिहून ठेवा. लिहिता येत नसेल तर आमच्याकडे या, आपण आवाजात नोंदवून ठेवू.