फुटलेल्या ‘ओपन सोर्स’ समुदायांचे मीलन : ‘न्यूमेरिक’ ते ‘नमपाय’

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ परिसरात ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्यात येत आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने या प्रकल्पास १७ फेब्रुवारी २०१६ रोजी तत्त्वतः मान्यता दिली. ६ एप्रिल २०२३ रोजी सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास मंजुरी मिळाली. चार किलोमीटर लांबीच्या भुजा, लेसर आणि आरसे यांची चर्चा बरीच झाली. मात्र या यंत्रातून निघणाऱ्या आकड्यांचा अर्थ लावणाऱ्या संगणकप्रणालीविषयी फारसे बोलले जात नाही. तिच्या पायाशी ‘नमपाय’ हे मोफत सॉफ्टवेअर आहे आणि ते दोन दुभंगलेल्या समुदायांच्या एकत्रीकरणातून जन्मले आहे.

ओपन सोर्स सॉफ्टवेअरची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता, बदलता व वाटता येते. त्यामुळे मतभेद झाल्यास एखादा गट तीच आज्ञावली घेऊन वेगळी चूल मांडू शकतो, किंवा त्याच कामासाठी नवी प्रणाली रचू शकतो. पहिल्या प्रकाराला ‘फोर्क’ म्हणतात. समुदाय मात्र दोन्ही प्रकारांत फुटतो.

पायथन या संगणकभाषेत मोठ्या संख्यासमूहांवर गणिते करण्यासाठी जिम ह्युगुनिन यांनी १९९५ मध्ये ‘न्यूमेरिक’ तयार केले. पुढे हबल दुर्बिणीचे वैज्ञानिक काम पाहणाऱ्या अमेरिकेतील संस्थेला अवाढव्य प्रतिमांसाठी ते अपुरे वाटू लागले. तेथील चमूने ‘नमअ‍ॅरे’ ही पर्यायी प्रणाली रचली. ती मोठ्या संख्यासमूहांवर वेगवान, तर लहानांवर संथ होती. न्यूमेरिकचे नेमके उलट. परिणामी वापरकर्ते दोन गटांत विभागले गेले. एकीसाठी लिहिलेला कार्यक्रम दुसरीवर सरळ चालेना. आलेख काढणाऱ्या ‘मॅटप्लॉटलिब’ला तर दोन्ही घरे सांभाळण्यासाठी मध्ये एक खास दुभाषी थर ठेवावा लागला!

अमेरिकेतील ब्रिगहॅम यंग विद्यापीठात अध्यापन करणारे ट्रॅव्हिस ऑलिफंट यांनी २००५ मध्ये हा तिढा सोडवायला घेतला. न्यूमेरिकचा सांगाडा कायम ठेवून त्यांनी नमअ‍ॅरेची वैशिष्ट्ये त्यात आणली. ऑक्टोबर २००६ मध्ये ‘नमपाय’ची १.० आवृत्ती प्रसिद्ध झाली. खरे कौशल्य पुढेच होते. दोन्हीकडच्या जुन्या कार्यक्रमांसाठी सुसंगततेची सोय ठेवण्यात आली; जुनी आज्ञावली नव्या रूपात आणणारी साधनेही देण्यात आली. वापरकर्त्याला स्थलांतर स्वस्त पडले, म्हणूनच समेट टिकला. केवळ ऐक्याच्या आवाहनाने तो झाला नसता. हे काम कंटाळवाणे होते आणि प्राध्यापकाच्या पदोन्नतीत त्याचे मोल नगण्य, हेही लक्षात घ्यावे लागेल.

अशी उदाहरणे थोडीच आहेत. ‘जीसीसी’ या संकलकातून १९९७ मध्ये ‘ईजीसीएस’ हा फाटा फुटला आणि एप्रिल १९९९ मध्ये त्यालाच अधिकृत जीसीसीचे स्थान मिळाले. (योगायोग असा, की पुढच्याच महिन्यात, १ मे रोजी, हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला.) याउलट २०१० मध्ये ओपनऑफिसपासून विलग झालेले लिबरऑफिस आजही स्वतंत्रच आहे.

नमपायच्या एकत्रित पायावर साय‌पाय, मॅटप्लॉटलिब यांसारखी साधने जोमाने वाढली. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगोच्या दोन्ही वेधशाळांनी पहिली गुरुत्वीय लहर टिपली. तिच्या विश्लेषणात वापरलेली ‘पायसीबीसी’ ही प्रणाली पायथनमधील असून नमपायवर विसंबून आहे. कृष्णविवरांच्या टकरीतून कोणते संकेत येऊ शकतील, याचे सुमारे अडीच लाख नमुने मोजमापांशी ताडून पाहण्यात आले होते.

त्या संकेताची मोजमापे लायगोने सर्वांसाठी खुली केली आहेत. ती अभ्यासण्याचे धडेही पायथनमध्येच आहेत. हिंगोली किंवा वसमतच्या महाविद्यालयातील विद्यार्थी साध्या संगणकावर ती लहर स्वतः शोधून पाहू शकतो. त्यासाठी परवाना शुल्क लागत नाही आणि ‘न्यूमेरिक की नमअ‍ॅरे’ हा प्रश्नही आता त्याच्यापुढे येत नाही.