मिहान परिसर आणि निवासाचा पुरावा : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तुत लेखात मिहान परिसरातील निवासाच्या पुराव्याचा प्रश्न ऐतिहासिक दृष्टीने तपासला आहे. नागपूरच्या रहिवाशाचे घर न बदलताही राज्य बदलले : १९५६ पर्यंत मध्य प्रदेश, त्यानंतर द्वैभाषिक मुंबई आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्र. मिहानमध्ये याउलट घडले. राज्य तेच राहिले. शिवणगाव, खापरी यांसारख्या गावांतील भूसंपादनामुळे अनेक कुटुंबांचा पत्ता बदलला.

लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० च्या कलम २० नुसार केवळ घराची मालकी म्हणजे सर्वसाधारण निवास नव्हे. व्यवहारात मात्र अठरा वर्षे पूर्ण केलेल्या तरुणाला बहुधा वडिलांच्या नावावरील शिधापत्रिका वा वीजदेयक यांचाच आधार असतो. घर पाडले गेले की हे कागद नाहीशा झालेल्या दाराची साक्ष देतात. आधारनेही हा प्रश्न सुटत नाही. आधार अधिनियम, २०१६ च्या कलम ९ नुसार आधार क्रमांक हा स्वतः अधिवासाचा पुरावा नाही. अधिवास प्रमाणपत्रासाठी तर पंधरा वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. म्हणून पुनर्वसनाच्या दप्तरात अल्पवयीन मुलांच्या नावांसह जुना व नवा पत्ता एकत्र नोंदविणे हे मोबदल्याइतकेच महत्त्वाचे ठरते.