पूर्वनियती आणि सर्वांच्या तारणाची ईश्वरी इच्छा : नवव्या शतकातील गॉटशाल्क वादाचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

ख्रिस्ती धर्मविचारात एक जुना पेच आहे. सर्व माणसांचे तारण व्हावे अशी परमेश्वराची इच्छा आहे, असे तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सांगितले आहे. रोमकरांस पत्राच्या आठव्या व नवव्या अध्यायांत मात्र परमेश्वराने काहींना आधीच निवडून ठेवल्याचे प्रतिपादन आढळते. परमेश्वर सर्वशक्तिमान असेल तर त्याची इच्छा विफल होणे संभवत नाही. मग सर्वांचे तारण का होत नाही? संत ऑगस्टीन (३५४–४३०) यांनी पेलॅजियसच्या मतांचे खंडन करताना ईश्वरी कृपेवर सर्व भर दिला आणि ‘सर्व माणसे’ म्हणजे सर्व प्रकारची, सर्व थरांतील माणसे असाही एक अर्थ लावून दाखविला. पेच त्यामुळे सुटला नाही. तो पुढील पिढ्यांकडे सोपविला गेला.

मराठी वाचकाला येथे ‘प्रारब्ध’ हा शब्द सहज आठवतो. परंतु ही तुलना फसवी आहे. प्रारब्धाच्या मुळाशी जीवाचे स्वतःचे पूर्वकर्म असते, तर ऑगस्टीनप्रणीत निवडीला जीवाचे कोणतेच कर्म कारण नसते. भारतीय परंपरेत मध्वाचार्यांनी केलेली मुक्तियोग्य, नित्यसंसारी व तमोयोग्य ही जीवांची विभागणी त्यातल्या त्यात जवळची म्हणता येईल. तेथेही आधार जीवाच्या अंगभूत स्वभावाचा आहे, हा फरक लक्षात ठेवावा लागतो.

हा वाद म्हटला की सोळाव्या शतकातील कॅल्विन किंवा १६१८–१९ ची डॉर्टची धर्मसभा यांचा उल्लेख होतो. त्याच्या सातशे वर्षे आधी फ्रँक साम्राज्यात तो एका संन्याशाच्या आयुष्यावर बेतला होता. त्या प्रकरणाकडे आपल्याकडील अभ्यासक्रमांत क्वचितच लक्ष दिले जाते.

अर्पण केलेले मूल

गॉटशाल्क हा सॅक्सन सरदार बर्न याचा मुलगा. शार्लमेनने सॅक्सनांशी ७७२ ते ८०४ या काळात प्रदीर्घ युद्ध करून त्यांना बाप्तिस्मा घेण्यास भाग पाडले होते. त्या युद्धाच्या अखेरीस वा त्यानंतर लगेच गॉटशाल्कचा जन्म झाला. पित्याने त्याला बालवयातच फुल्डा येथील मठाला अर्पण केले. मुलासोबत त्याच्या वाट्याची मालमत्ताही मठाकडे गेली. पित्याने केलेले असे अर्पण मुलावर आयुष्यभर बंधनकारक असते, असा त्या काळचा प्रबळ धर्मसंकेत होता.

८२९ मध्ये माइन्झच्या धर्मसभेपुढे गॉटशाल्कने या बंधनातून मुक्तता मागितली. सॅक्सन माणसाचे स्वातंत्र्य काढून घेताना सॅक्सन साक्षीदार उपस्थित असावे लागतात आणि आपल्या अर्पणाच्या वेळी तसे कोणी नव्हते, असा त्याचा मुद्दा होता. सभेने त्याला मोकळे केले. फुल्डाचे मठाधिपती राबानस मॉरस यांनी मात्र सम्राट लुई याच्याकडे दाद मागितली आणि बालार्पणाच्या समर्थनार्थ एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला. गॉटशाल्क फुल्डातून बाहेर पडला तरी संन्यासी म्हणूनच राहिला. पुढे तो रॅम्स धर्मप्रांतातील ओर्बे येथील मठात होता. स्वतःच्या संमतीवाचून ज्याचे आयुष्य ठरविले गेले, तोच पूर्वनियतीचा कट्टर पुरस्कर्ता व्हावा, यात काही अभ्यासकांना मानसिक प्रतिक्रिया दिसते. हे अनुमान मोहक असले तरी त्याच्या लेखनातून ते सिद्ध करता येत नाही. त्याच्या युक्तिवादाचे धागे आत्मचरित्राकडे न जाता ऑगस्टीनकडे आणि व्याकरणाकडे जातात.

द्विविध पूर्वनियती

गॉटशाल्कचा मूळ आग्रह परमेश्वराच्या अपरिवर्तनीयतेविषयी होता. परमेश्वर काळाच्या ओघात निर्णय घेत वा बदलत नाही. म्हणून निवडलेल्यांसाठी शाश्वत जीवन आणि दुर्जनांसाठी शाश्वत शिक्षा, असे दोन्ही त्याने अनादिकाळीच नेमलेले आहे. यासाठी त्याने सेव्हिलच्या इसिडोरची ‘द्विविध पूर्वनियती’ ही संज्ञा आधाराला घेतली. परमेश्वर पाप करावयास लावतो असे त्याचे म्हणणे नव्हते. पाप त्याला आधीच ज्ञात असते आणि शिक्षा नेमलेली असते, एवढेच तो म्हणत असे. विरोधकांनी हा भेद बहुधा जाणूनबुजून पुसला. तथापि त्याच्या मताची दुसरी बाजू सौम्य करून सांगता येण्यासारखी नाही. परमेश्वराला ज्यांचे तारण हवे आहे, त्यांचे ते होतेच. म्हणून ‘सर्व’ म्हणजे ज्यांचे तारण होते ते सर्व, आणि ख्रिस्ताचे क्रूसावरील मरणही केवळ त्यांच्यासाठीच.

ही मते घेऊन तो इटलीत गेला व फ्रिउलीचा सरदार एबरहार्ड याच्या आश्रयाला राहिला. राबानसने एबरहार्डला पत्र लिहून अशा शिकवणुकीचा परिणाम स्पष्ट केला : निवड आधीच झाली असेल तर माणूस प्रयत्न कशासाठी करील? हा आक्षेप क्षुल्लक मानता येणार नाही. फाँतनुआच्या लढाईत (८४१) ख्रिस्ती राजबंधूंच्या फौजांनी एकमेकांचे रक्त सांडले होते, ८४५ मध्ये नॉर्मन दर्यावर्दी पॅरिसपर्यंत पोहोचले होते. अशा समाजाला पश्चात्ताप व सदाचरणाच्या मार्गावर ठेवणे ही बिशपांची जबाबदारी होती. बाप्तिस्मा झालेल्या प्रत्येकासाठी ख्रिस्त मेला, हे त्यांना ठामपणे सांगता येणे आवश्यक होते.

माइन्झ व कियर्झी

८४७ मध्ये राबानस माइन्झचा आर्चबिशप झाला. पुढच्याच वर्षी माइन्झच्या सभेने गॉटशाल्कला दोषी ठरवून रॅम्सचा आर्चबिशप हिंकमार याच्या हवाली केले. ८४९ मध्ये कियर्झी येथे टक्कल्या चार्ल्स राजाच्या उपस्थितीत पुन्हा सुनावणी झाली. गॉटशाल्कचे पौरोहित्य काढून घेण्यात आले. आपल्या मतांच्या पुष्ट्यर्थ त्याने जमविलेली शास्त्रवचने व धर्मपित्यांचे उतारे स्वतःच्या हाताने आगीत टाकीपर्यंत त्याला चाबकाने फोडण्यात आले. जे जाळले गेले त्यात बायबल व ऑगस्टीनचीच वचने होती, ही गोष्ट लिआँच्या धर्मपंडितांनी पुढे हिंकमारला सुनावली. त्यानंतर ओव्हिलरच्या मठात त्याचा बंदिवास सुरू झाला. तेथून लिहिलेल्या एका निवेदनात त्याने उकळते पाणी, तेल, चरबी व डांबर यांनी भरलेल्या चार पिंपांतून जाण्याचे दिव्य करण्याची तयारी दर्शविली. तशी संधी त्याला देण्यात आली नाही.

हिंकमारची अपेक्षा प्रकरण मिटेल अशी होती. झाले उलटेच. कॉर्बीचा रात्राम्नस, फेरिएरचा लूपस, त्र्वाचा बिशप प्रुडेंशियस हे सर्व ऑगस्टीनचे अभ्यासक होते. गॉटशाल्कची भाषा त्यांना खटकली तरी सिद्धान्त नाकारणे त्यांना शक्य नव्हते. अडचणीत सापडलेल्या हिंकमारने राजदरबारातील आयरिश विद्वान जॉन स्कॉटस एरियुजेना याला पाचारण केले. एरियुजेनाने असे मांडले की, परमेश्वर एकरूप असल्याने त्याची पूर्वनियतीही दुहेरी असू शकत नाही. शिवाय पाप व दंड या अभावरूप गोष्टी आहेत आणि जे नाहीच ते नेमता येत नाही. हे तत्त्वज्ञान हिंकमारच्या पक्षालाही पचले नाही. साह्यासाठी बोलावलेला वकील फिर्यादीपेक्षा धोकादायक ठरावा, तसा हा प्रकार झाला.

८५३ मध्ये कियर्झी येथेच हिंकमारने चार कलमे संमत करून घेतली. पूर्वनियती एकच आहे. आदामाच्या पतनाने गमावलेली इच्छास्वातंत्र्याची शक्ती ख्रिस्ताच्या कृपेने परत मिळते. सर्वांचे तारण व्हावे अशी परमेश्वराची इच्छा आहे, जरी सर्वांचे ते होत नाही. आणि ख्रिस्ताने दुःख सोसले नाही असा कोणीही मनुष्य नाही. तिसऱ्या कलमातील ‘जरी’ हा शब्द साऱ्या वादाचे मर्म आहे. ज्यांचे तारण होते त्यांचे श्रेय परमेश्वराच्या कृपेला आणि ज्यांचे होत नाही त्यांचा दोष त्यांचा स्वतःचा, असा हिंकमारचा निर्वाळा होता. उपदेशासाठी तो पुरेसा होता, तर्कासाठी नव्हता.

लिआँ, व्हिएन व आर्ल या प्रांतांच्या बिशपांनी ८५५ मध्ये व्हॅलन्सच्या सभेत याला प्रत्युत्तर दिले. निवडलेल्यांची जीवनाकडे व दुर्जनांची मरणाकडे अशी पूर्वनियती त्यांनी मान्य केली आणि एरियुजेनाच्या ग्रंथाची आयरिशांची पेज म्हणून संभावना केली. हे प्रांत टक्कल्या चार्ल्सच्या नव्हे, तर लोथारच्या राज्यात होते. व्हर्दनच्या तहाने (८४३) साम्राज्याची वाटणी झालेली असल्याने हिंकमारचा शब्द तेथे चालत नव्हता. या वादाचा इतिहास केवळ धर्मशास्त्राचा म्हणून वाचणे त्यामुळेच अपुरे ठरते. ८५९ ची सावोनिएर व ८६० ची ट्युझी येथील सभा यांतून जे साधले गेले, ते सर्वांना सह्या करता येतील इतके मोघम होते.

गॉटशाल्कची बाजू

गॉटशाल्कने पोप निकोलस पहिला याच्याकडे आपले गाऱ्हाणे पोहोचविण्याचा प्रयत्न केला. ८६७ मध्ये निकोलस निवर्तला. सुमारे ८६८ मध्ये गॉटशाल्क मरणपंथाला लागला, तेव्हा मते सोडल्यास अंतिम प्रभुभोजन व ख्रिस्ती दफन मिळेल, असा निरोप हिंकमारने धाडला. त्याने ती अट मानली नाही. बंदिवासाला तेव्हा जवळजवळ वीस वर्षे झाली होती.

त्याच्याविषयी उपलब्ध असलेली माहिती शतकानुशतके मुख्यतः त्याच्या न्यायाधीशांच्या लेखणीतून आलेली होती. १६३१ मध्ये जेम्स अशर यांनी डब्लिन येथे त्याचा इतिहास प्रसिद्ध केला, तो कॅल्विनपंथीयांना उपयोगी पडला. १६५० मध्ये फ्रान्समध्ये मोगँ यांनी मूळ लेखांचा संग्रह छापला, तो जान्सेनवाद्यांच्या बाजूने. दोन्ही प्रयत्नांत गॉटशाल्क हा समकालीन भांडणातील साक्षीदार होता. विसाव्या शतकात बर्न येथील एका हस्तलिखितात त्याचे बरेच अज्ञात लेखन सापडले आणि १९४५ मध्ये लांबो यांनी ते लूव्हाँ येथून संपादित करून प्रकाशित केले. धर्मविषयक टिपणांच्या जोडीला त्यात लॅटिन व्याकरणावरील लेखनही आहे.