निशाण कापडाचे, हक्क कागदाचा

मुरुड म्हटले की लातूर-बार्शी रस्त्यावरचे मुरुड आपल्या डोळ्यांपुढे येते. नकाशात तिथून सरळ पश्चिमेकडे पट्टी धरली, तर ती कोकणातल्या दुसऱ्या मुरुडाजवळ, म्हणजे जंजिऱ्याच्या मुरुडाजवळ समुद्राला टेकते. दोन्ही गावे १८.३ ते १८.५ उत्तर अक्षांशांच्या दरम्यान आहेत. मधले अंतर मात्र तीनशे किलोमीटरहून अधिक. समुद्र न पाहिलेला आपला एखादा विद्यार्थी विचारील, "समुद्रात हद्दीचे दगड नसतात. मग हौसेने फिरायला निघालेली आठ-दहा मीटरची शिडाची होडी कोणत्या देशाची, हे ओळखायचे कसे?" निशाणावरून, असे उत्तर आपण चटकन देतो. पण निशाणाचे कापड कोणालाही विकत मिळते. ते लावण्याचा हक्क होडीला आहे की नाही, हे एक कागद ठरवतो. या कागदाची पूर्वपीठिका आपल्याच किनाऱ्यावर सापडते.

सोळाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगीजांनी हिंदी महासागरात 'कार्ताझ' नावाचा परवाना सुरू केला. गलबताचा नाखुदा कोण, गलबत केवढे, त्यावर माणसे व शस्त्रे किती, ते जाणार कोठे, हे त्यात लिहिलेले असे. कार्ताझची फी थोडीच होती. परंतु तो घेणाऱ्याला पोर्तुगीजांच्या बंदरात येऊन जकात भरावी लागे. खरी कमाई तीच. कार्ताझ नसलेले गलबत मालासकट जप्त होई. यात्रेकरूंना मक्केकडे नेणाऱ्या अकबराच्या जहाजांनाही हा कागद घ्यावा लागे. जमिनीवरच्या बादशहाला समुद्रावर दुसऱ्याची परवानगी लागत होती!

मराठ्यांनी आरमार उभारल्यावर आपलेही कागद द्यायला सुरुवात केली. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे १७१५ च्या सुमारास, आरमाराचे स्वतंत्र प्रकरण आहे. कौल घेतलेल्या सावकारांच्या गलबतांना उपद्रव होऊ नये, अशी ताकीद त्यात दिली आहे. सरखेल कान्होजी आंग्रे कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी गलबतांकडे आपले दस्तक मागत. ईस्ट इंडिया कंपनीशी त्यांचा १७१३ मध्ये तह झाला. पण तो फार काळ टिकला नाही. इंग्रजी निशाणाखालच्या गलबतातला माल खरोखर इंग्रजांचा, की निशाणाच्या आडोशाला आलेल्या हिंदी व्यापाऱ्याचा, हा एक मोठा वादाचा मुद्दा होता. इंग्रज कान्होजींना चाचे म्हणत. कान्होजींच्या दृष्टीने मात्र, दस्तकाशिवाय जाणारे गलबतच कायदा मोडत होते. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून कुलाबा किल्ल्यावर केलेली चढाई फसली. कोणाचा कागद चालणार, हे त्या काळी शेवटी तोफांनी ठरे.

युरोपात याच प्रश्नावर ग्रंथ लिहिले जात होते. समुद्र कोणा एकाच्या मालकीचा असू शकत नाही, असे डच पंडित ह्यूगो ग्रोशियस याने १६०९ मध्ये मांडले. त्याचा रोख पोर्तुगीजांच्या मक्तेदारीवर होता. हा विचार हळूहळू मान्य होत गेला, पण त्यातून नवी अडचण निघाली. समुद्र सर्वांचा, तर त्यावरच्या नौकेच्या वर्तनाला जबाबदार कोण? उत्तर असे, की प्रत्येक नौका कोणत्या तरी एका देशाची असावी आणि त्या देशाने तसे लिहून द्यावे.

इथे कागदाचा अर्थच पालटला. कार्ताझ म्हणजे बलवानाने दुसऱ्याला दिलेली परवानगी होती. आजचा निशाणाचा दाखला म्हणजे देशाने आपल्याच नौकेबद्दल घेतलेली हमी आहे.

ही हमी द्यायला देशाला किनारा लागतो का? लागत नाही. किनारा नसलेल्या देशांचा निशाणाचा हक्क १९२१ च्या बार्सेलोना जाहीरनाम्याने मान्य केला. फक्त नोंदणीसाठी देशातले एक ठिकाण नेमावे लागते. स्वित्झर्लंडने १९४१ मध्ये ऱ्हाइन नदीवरचे बाझल शहर त्यासाठी ठरवले. १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी करारातही हे तत्त्व आले. भारताने तो करार १९९५ मध्ये कायम केला. नौका आणि देश यांत खरा संबंध हवा, आणि देशाने निशाणाच्या हक्काचा दाखला द्यावा, असे त्याचे ९१ वे कलम सांगते. सोयीप्रमाणे दोन निशाणे वापरणारी नौका बेवारस मानली जाऊ शकते. अशा संशयावरून युद्धनौका तिला खुल्या समुद्रातही थांबवून कागद तपासू शकते.

मालवाहू जहाजांची नोंदणी मोठी, खर्चिक आणि मोजमापांची असते. हौशी होडीला तेवढे कशाला? म्हणून अनेक देशांनी सोपी वाट काढली आहे. जर्मनीत १५ मीटरपर्यंतच्या होडीला वेगळा निशाण-दाखला मिळतो, तो जास्तीत जास्त आठ वर्षे चालतो. ब्रिटनमध्ये २४ मीटरहून लहान नौकांसाठी नोंदवहीचा स्वतंत्र भाग आहे, तिथली नोंदणी पाच वर्षांची असते. आपल्याकडे १९५८ च्या व्यापारी नौवहन कायद्याने निव्वळ १५ टनांपर्यंतच्या, फक्त भारताच्या किनाऱ्यालगत फिरणाऱ्या नौकांना नोंदणीतून सूट दिली होती. घरच्या किनाऱ्यावर ओळख पटवणे सोपे. परक्या बंदरात मात्र ओळख कागदाचीच.

इथे 'टन' म्हणजे वजन नव्हे, नौकेच्या आतल्या जागेचे माप, हे वर्गात जरूर सांगावे. मग नकाशावर दोन्ही मुरुडांमधून रेघ ओढून ती अरबी समुद्रात पुढे न्यावी आणि मुलांना विचारावे, "या रेघेवर, किनाऱ्यापासून खूप दूर, एका लहानशा होडीचे सुकाणू मोडले, किंवा तिला कोणी विनाकारण अडवले. तिच्यासाठी बोलणार कोण?" ज्या देशाने कागद दिला, त्याने बोलायचे असते. समुद्राचे तोंडही न पाहिलेल्या आपल्या मुरुडातल्या माणसाच्या होडीलाही तो आधार तितकाच लागू आहे.