हलक्या व कार्यक्षम जहाजी टर्बाइनांचा विकास : एक ऐतिहासिक अभ्यास (१८८४–१९७२)

प्रस्तावना

वाफेच्या टर्बाइनाने जहाजबांधणीत घडवून आणलेल्या क्रांतीचा इतिहास बहुधा एका नाट्यमय प्रसंगापासून सांगितला जातो. २६ जून १८९७ रोजी राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीच्या हीरकमहोत्सवानिमित्त इंग्लंडमधील स्पिटहेड येथे ब्रिटिश आरमाराचे संचलन भरले होते. त्या प्रसंगी 'टर्बिनिया' नावाची एक लहानशी नौका युद्धनौकांच्या रांगांमधून वाऱ्याच्या वेगाने धावली आणि तिला अडविण्यासाठी निघालेल्या गस्तनौका मागे पडल्या. या एका दिवसाने जुन्या इंजिनाचे युग संपले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते.

मात्र इतिहासाचा बारकाईने विचार केला असता हे चित्र अपुरे असल्याचे दिसून येते. टर्बिनियाने वेग सिद्ध केला. पण हलकेपणा आणि इंधनाची काटकसर या दोन्ही गोष्टी मोठ्या जहाजात एकत्र साधण्यास त्यानंतर आणखी तप लोटावे लागले. जहाजी टर्बाइनाचा हलकेपणा हा केवळ टर्बाइनाचा गुण नसून टर्बाइन, पंखा आणि बॉयलर यांच्यातील मेळाचा परिणाम आहे, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

मूळ पेच : वाफेचा वेग आणि पाण्याचा वेग

पूर्वीच्या पश्चाग्र इंजिनात वाफ दट्ट्याला पुढे-मागे ढकलत असे. जड दट्टे, दांडे आणि भुजा प्रत्येक फेऱ्यात थांबवून उलट दिशेने न्याव्या लागत. त्यामुळे वेग वाढविला की कंपने वाढत आणि यंत्र अधिकाधिक अवजड करावे लागे. टर्बाइनात वाफ पात्यांवर आदळून अथवा त्यांतून प्रसरण पावत जाऊन चक्राला सरळ फिरविते. येथे पुढे-मागे होणारा भागच नसल्याने कंपनांचा हा प्रश्न उद्भवत नाही.

अडचण वेगळीच होती. दाबाखालील वाफ एकदम प्रसरण पावू दिली तर ती प्रचंड वेगाने बाहेर पडते आणि तिची ऊर्जा नीट पकडण्यासाठी पातीही तशाच वेगाने फिरावी लागतात. स्वीडनच्या गुस्ताफ द लाव्हाल याच्या टर्बाइनाची लहान प्रतिमाने मिनिटाला ३०,०००च्या आसपास फेरे घेत. चार्ल्स अल्जर्नन पार्सन्स (१८५४–१९३१) याने १८८४ मध्ये यावर निराळा तोडगा काढला. त्याने वाफेचा दाब एका झटक्यात न उतरविता पात्यांच्या अनेक रांगांतून थोडा थोडा उतरविला. प्रत्येक टप्प्यात वाफेचा वेग मर्यादित राहिल्याने पात्यांचा वेगही आटोक्यात आला. तरीही त्याचे पहिले यंत्र मिनिटाला सुमारे १८,००० फेरे घेत होते. वीजनिर्मितीच्या जनित्रासाठी हा वेग चालण्यासारखा होता. जहाजाच्या पंख्यासाठी तो सर्वस्वी निरुपयोगी होता.

पंखा मोठा आणि सावकाश फिरणारा असला म्हणजे तो पाण्याला उत्तम रेटा देतो. टर्बाइन मात्र जलद फिरले तरच लहान, हलके आणि काटकसरी राहते. पात्यांचा वेग चक्राचा व्यास आणि फेऱ्यांची संख्या यांवर अवलंबून असतो. फेरे कमी केले तर व्यास वाढवावा लागतो किंवा पात्यांच्या रांगा वाढवाव्या लागतात. दोन्ही मार्गांनी वजन वाढते. जहाजी टर्बाइनाचा पुढील सर्व इतिहास या पेचाभोवतीच फिरतो.

टर्बिनियाचा प्रयोग

१८९४ मध्ये पार्सन्सने जहाजी टर्बाइनांसाठी स्वतंत्र कंपनी स्थापन केली आणि सुमारे १०० फूट लांब, ९ फूट रुंद अशी टर्बिनिया त्याच वर्षी पाण्यात उतरविली. प्रारंभी तिच्यात एकच टर्बाइन, एकच आस आणि एकच पंखा होता. अपेक्षा मोठी होती. परंतु वेग २० नॉटपर्यंतही पोहोचेना. पंखे बदलून पाहिले तरी फरक पडला नाही.

दोष टर्बाइनात नव्हता. अतिवेगाने फिरणाऱ्या पंख्याच्या पात्यांमागे पाण्याचा दाब इतका घटत होता की तेथे बाष्पाने भरलेल्या पोकळ्या तयार होत आणि पंखा पाण्याऐवजी जणू पोकळीतच फिरे. या घटनेचा अभ्यास करण्यासाठी पार्सन्सने १८९५ मध्ये पाण्याने भरलेले एक लहान उपकरण तयार केले आणि त्यात फिरणाऱ्या नमुना-पंख्यामागील पोकळ्या क्षणिक प्रकाशाच्या साहाय्याने न्याहाळल्या. पंख्यांच्या परीक्षणासाठी आजही वापरल्या जाणाऱ्या जलबोगद्यांचे हे आद्य रूप होय.

या अभ्यासानंतर नौकेची यंत्रणा आमूलाग्र बदलण्यात आली. एकाऐवजी उच्च, मध्यम आणि निम्न दाबाची तीन टर्बाइने तीन स्वतंत्र आसांवर बसविली आणि प्रत्येक आसावर तीन याप्रमाणे नऊ पंखे लावले. रेटा अनेक पात्यांत विभागला गेल्याने पोकळ्यांचा उपद्रव कमी झाला. १८९७ च्या चाचण्यांत नौकेने ३२ नॉटचा टप्पा ओलांडला आणि पुढे ती ३४ नॉटच्या आसपास पोहोचली. तिचे एकूण वजन ४४.५ टन होते. त्यांपैकी बॉयलरसह सर्व यंत्रसामग्रीचे वजन सुमारे २२ टन असून प्रत्यक्ष टर्बाइने चार टनांपेक्षाही कमी वजनाची होती. सुमारे २,००० अश्वशक्तीच्या यंत्रणेसाठी हे प्रमाण त्या काळी थक्क करणारे होते.

तथापि नऊ पंख्यांची ही योजना म्हणजे पेचावरील उत्तर नव्हते, ती तडजोड होती. टर्बाइन त्याला हव्या त्या वेगापेक्षा सावकाश फिरत होते आणि पंखे त्यांना हव्या त्या वेगापेक्षा जलद.

तडजोडीची किंमत

स्पिटहेडनंतर ब्रिटिश आरमाराने टर्बाइनयुक्त विनाशिका घेण्यास मान्यता दिली. 'व्हायपर'ने १९०० मधील चाचण्यांत ३६ नॉटहून अधिक वेग गाठला. परंतु ३ ऑगस्ट १९०१ रोजी दाट धुक्यात ती ऑल्डर्नी बेटाजवळ खडकांवर आदळून नष्ट झाली. त्यानंतर अवघ्या दीड महिन्यात, १८ सप्टेंबर १९०१ रोजी, 'कोब्रा' ही दुसरी विनाशिका उत्तर समुद्रात वादळी हवेत मधोमध दुभंगली. या दुर्घटनेत ६७ जण मृत्युमुखी पडले. मृतांमध्ये पार्सन्सच्या टर्बाइन कारखान्याचे व्यवस्थापक रॉबर्ट बार्नर्ड यांचाही समावेश होता.

दोन्ही अपघातांचा टर्बाइनाशी प्रत्यक्ष संबंध नव्हता. चौकशीत कोब्राच्या सांगाड्याची मजबुती अपुरी असल्याचा निष्कर्ष निघाला. तरीही या घटनेचे महत्त्व मोठे आहे. वजन कुठून कमी करावे आणि कुठून करू नये, हा प्रश्न केवळ आकडेमोडीचा नसून माणसांच्या प्राणांशी निगडित आहे, याची जाणीव तिने करून दिली.

व्यापारी क्षेत्रात 'किंग एडवर्ड' या प्रवासी जहाजाने १९०१ पासून क्लाइड नदीच्या मुखप्रदेशात टर्बाइनाची उपयुक्तता दाखवून दिली. आरमारात मात्र काटकसरीचा प्रश्न कायम होता. 'ॲमेथिस्ट' ही टर्बाइनयुक्त क्रूझर आणि पश्चाग्र इंजिने असलेल्या तिच्या भगिनी-नौका यांची १९०४ मध्ये तुलना करण्यात आली. सुमारे १४ नॉटच्या पुढे टर्बाइन कमी कोळशात अधिक काम करीत असे. त्याखाली जुने इंजिनच सरस ठरे. युद्धनौका तिच्या आयुष्यातील बहुतेक काळ मंद गतीनेच प्रवास करते, हे लक्षात घेता ही उणीव किरकोळ नव्हती. 'व्हेलॉक्स' या विनाशिकेत तर मंद प्रवासासाठी टर्बाइनांच्या जोडीला लहान पश्चाग्र इंजिने बसवावी लागली. शिवाय टर्बाइन उलट फिरत नसल्याने मागे जाण्यासाठी निराळे टर्बाइन लागे. हलकेपणासाठी आणलेल्या यंत्राभोवती अशा रीतीने जोडयंत्रांचा भार वाढत गेला.

१९०६ मधील 'ड्रेडनॉट' ही युद्धनौका (२३,००० अश्वशक्ती, २१ नॉट) आणि १९०७ मध्ये सेवेत आलेली 'लुसिटानिया' व 'मॉरेटानिया' ही प्रवासी जहाजे म्हणजे थेट जोडणीच्या टर्बाइनाचे शिखर होय. मॉरेटानियाने अटलांटिक पार करण्याच्या वेगाचा विक्रम १९०९ पासून १९२९ पर्यंत स्वतःकडे राखला. परंतु त्यासाठी दिलेली किंमतही पाहण्यासारखी आहे. पंख्यांना मानवेल अशा, मिनिटाला १८० च्या आसपास फेऱ्यांनी टर्बाइने फिरवावी लागत असल्याने निम्न दाबाच्या चक्राचा व्यास साडेतीन मीटरच्या घरात गेला. हलके यंत्र म्हणून पुढे आलेले टर्बाइन आता स्वतःच अजस्र झाले होते.

व्हेस्पेशियन : उत्तर टर्बाइनाबाहेर

या पेचाची खरी उकल एका मामुली मालवाहू जहाजावर झाली. १८८७ मध्ये बांधलेले 'व्हेस्पेशियन' हे जहाज पार्सन्सच्या कंपनीने १९०९ मध्ये विकत घेतले. प्रथम त्यातील जुने इंजिन पूर्णपणे दुरुस्त करून त्याच्या वाफेच्या खपाची काटेकोर नोंद घेण्यात आली. नंतर बॉयलर आणि पंखा तेच ठेवून केवळ इंजिनाच्या जागी टर्बाइन बसविण्यात आले. टर्बाइन आणि पंख्याचा आस यांच्यामध्ये तिरप्या दात्यांच्या दंतचक्रांची जोडणी होती. टर्बाइन मिनिटाला सुमारे १,४०० फेरे घेई आणि पंखा सुमारे ७०. दोन्ही यंत्रे आपापल्या सोयीच्या वेगाने फिरू लागली आणि वाफेच्या खपात सुमारे १५ टक्के बचत झाली.

या प्रयोगाची मांडणी पद्धतिशास्त्राच्या दृष्टीनेही नमुनेदार आहे. एकच घटक बदलून बाकीचे सर्व स्थिर ठेवल्याने निष्कर्षाविषयी शंका घेण्यास जागा उरली नाही. स्पिटहेडला हजारो प्रेक्षक होते; कोळसा वाहणाऱ्या या जहाजाकडे कोणाचेही लक्ष नव्हते. तरीही टर्बाइनाच्या इतिहासातील निर्णायक टप्पा तोच ठरतो.

दंतचक्रांनी नवे प्रश्नही उभे केले. दाते कापण्याच्या यंत्रातील सूक्ष्म चूक प्रत्येक चक्रात ठरावीक जागी उतरे आणि त्यामुळे गोंगाट व झीज होई. पार्सन्सने दाते कापण्याची अशी पद्धत शोधली की ती चूक एका जागी न साचता चक्रभर विखुरली जाई. दुसरा प्रश्न रेट्याचा होता. थेट जोडणीत वाफेचा रेटा पंख्याच्या रेट्याला बहुतांशी तोलून धरीत असे. दंतचक्रे मध्ये येताच हा तोल नाहीसा झाला. ऑस्ट्रेलियाच्या अँथनी मिशेल याने १९०५ मध्ये पेटंट घेतलेल्या, तेलाच्या पाचरीसारख्या थरावर तरंगणाऱ्या, कलत्या गाद्यांच्या धारव्याने तो प्रश्न सोडविला. पहिल्या महायुद्धाच्या काळात दंतचक्रयुक्त टर्बाइन ब्रिटिश आरमारात सर्वमान्य झाले. १९२० मध्ये सेवेत आलेल्या 'हूड' या युद्धनौकेत अशा यंत्रणेतून १,४४,००० अश्वशक्ती मिळत होती.

दाब, तापमान आणि मर्यादा

यानंतर वजन घटविण्याचा मार्ग बॉयलरमधून गेला. वाफेचा दाब आणि तापमान वाढविल्यास तितक्याच इंधनातून अधिक काम मिळते आणि टर्बाइनही लहान होते. अमेरिकी आरमारात १९३० च्या दशकात हॅरॉल्ड बोवेन या अधिकाऱ्याने या धोरणाचा आग्रहाने पुरस्कार केला. जहाजबांधणी कारखान्यांचा विरोध पत्करून वीजकेंद्रांसाठी जलदगती टर्बाइने बनविणाऱ्या कंपन्यांना काम देण्यात आले आणि दोन टप्प्यांत वेग उतरविणारी दंतचक्रे वापरण्यात आली. दर चौरस इंचास ६०० पौंड दाब आणि ८५० अंश फॅरनहाइट तापमान हे प्रमाण दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी विनाशिकांत रूढ झाले. 'फ्लेचर' वर्गातील विनाशिकांत या यंत्रणेतून ६०,००० अश्वशक्ती मिळे.

याच काळात जर्मनीने आपल्या विनाशिकांत याहूनही बराच जास्त, सुमारे ७० वातावरणे इतका, दाब वापरला. कागदावर ही यंत्रणा अधिक प्रगत होती. प्रत्यक्षात वारंवार बिघाड आणि अवघड दुरुस्ती यांमुळे अनेक नौका ऐन गरजेच्या वेळी गोदीत अडकून पडत. हलकेपणाला विश्वासार्हतेची जोड नसेल तर तो लाभ न राहता भार होतो, हा या अनुभवाचा अर्थ होय.

१९५२ मध्ये सेवेत आलेल्या 'युनायटेड स्टेट्स' या प्रवासी जहाजात ही परंपरा कळसाला पोहोचली. चाचणीत त्याने ३८ नॉटहून अधिक वेग गाठला. ब्रिटननेही युद्धकाळातील उणिवा ध्यानात घेऊन वजन, जागा आणि मंद गतीतील इंधनखर्च या तिन्हींचा एकत्र विचार करणारी ३०,००० अश्वशक्तीची नवी यंत्रणा 'व्हिटबी' वर्गाच्या फ्रिगेटांसाठी विकसित केली. तिच्याच परंपरेतील 'लिअँडर' वर्गाच्या आराखड्यावर मुंबईच्या माझगाव गोदीत 'आयएनएस निलगिरी' बांधली गेली आणि ३ जून १९७२ रोजी ती भारतीय नौदलात दाखल झाली. न्यूकॅसलच्या किनाऱ्यावर सुरू झालेला हा प्रवास अशा प्रकारे मुंबईच्या गोदीपर्यंत येऊन पोहोचला. तोवर इतरत्र गॅस टर्बाइन आणि डिझेल इंजिन यांनी वाफेची जागा घेण्यास सुरुवात केली होती.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. टर्बिनियाने वाफेच्या टर्बाइनाची शक्ती सिद्ध केली. परंतु टर्बाइन आणि पंखा यांच्या वेगांतील विरोध तिने सोडविला नाही, तो नऊ पंख्यांत वाटून घेतला.

२. थेट जोडणीच्या काळात जहाज जसजसे मोठे झाले तसतसा टर्बाइनाचा मूळचा हलकेपणा नाहीसा होत गेला. तो परत मिळाला तो दंतचक्रांमुळे, म्हणजे टर्बाइनाबाहेरील सुधारणेमुळे.

३. दाते कापण्याची अचूकता, धारवा आणि उष्णता सोसणारे पोलाद या दुय्यम वाटणाऱ्या शाखांतील प्रगतीशिवाय मुख्य शोध फलद्रूप होऊ शकला नसता.

४. कोब्राचा सांगाडा आणि जर्मन विनाशिकांचे बॉयलर या दोन्ही उदाहरणांत वजन अथवा आकार घटविण्याच्या ध्यासापुढे मजबुती आणि विश्वासार्हता मागे पडली. पहिल्या उदाहरणात त्याची किंमत खलाशांनी आणि कारागिरांनी प्राण देऊन चुकविली.

टर्बिनिया आज न्यूकॅसलच्या संग्रहालयात जतन करून ठेवलेली आहे आणि ते योग्यच आहे. मात्र तंत्रविद्येच्या इतिहासाने तिच्याबरोबरच व्हेस्पेशियनसारख्या अप्रसिद्ध मालवाहू जहाजाचीही नोंद तितक्याच आदराने घेणे आवश्यक आहे.