कशेळे नाका : रस्ता कोणाचा, गाडी कोणाची?

आपल्या सोसायटीचा पंचवीस वर्षांचा वृत्तांत सेक्रेटरींनी या स्मरणिकेत सविस्तर दिला आहेच. माझ्या वाट्याला संपादक मंडळाने 'कशेळ्याच्या दळणवळणाचा इतिहास' हा विषय टाकला. मी इतिहासाचा अभ्यासक नाही, बँकेत आयुष्य घालवलेला माणूस आहे. त्यामुळे या विषयाकडे मी बघतो ते जमाखर्चाच्या नजरेने. कोणी किती घातले, कोणाच्या नावावर घातले आणि पुढे देखभाल कोणाकडे, एवढे तीन प्रश्न विचारले की आपल्या भागातल्या प्रत्येक रस्त्याची आणि प्रत्येक एसटीची गोष्ट बऱ्यापैकी उलगडते.

कशेळे हे काही तालुक्याचं गाव नाही. इथे किल्ला नाही, स्टेशन नाही. इथे आहे तो नाका. एक वाट कर्जतला, एक नेरळला, एक मुरबाडला आणि एक खांडसकडे. गाडी बदलायला माणसं उतरतात म्हणून इथे चहाची टपरी आली, मग किराणा, मग औषधाचं दुकान. ग्रामीण रुग्णालय आलं ते वाड्यावस्त्यांच्या माणसाला पोहोचता येईल अशी ही जागा आहे म्हणून. आपली सोसायटी उभी राहिली तीही शिक्षक, दवाखान्यातले कर्मचारी आणि एसटीतली मंडळी यांना नाक्याजवळ घर हवं होतं म्हणून. म्हणजे आपल्या सगळ्यांच्या सातबाऱ्यावर, म्हटलं तर, या नाक्याचंच नाव आहे.

रेल्वेच्या आधी इथली वाट घाटाची. खांडसहून गणपती घाट आणि शिडी घाट भीमाशंकरला चढतात, दक्षिणेला कुसूर घाट मावळात उतरवतो. मधोमध पेठचा कोथळीगड पहाऱ्याला बसल्यासारखा उभा आहे. माल बैलाच्या पाठीवर जायचा. १८३० साली बोरघाटात गाडीरस्ता झाला आणि मोठा व्यापार खोपोलीच्या बाजूला वळला. आपल्या घाटांवर उरले ते यात्रेकरू आणि जंगलातले लोक.

मग आली रेल्वे. १६ एप्रिल १८५३ ला मुंबई-ठाणे सुरू झालं हे सगळ्यांना पाठ असतं. पण आपल्याला महत्त्वाची तारीख १२ मे १८५६. त्या दिवशी कल्याणहून पळसदरी-खोपोलीपर्यंतची लाइन उघडली. १८६३ साली बोरघाटाची चढण पूर्ण झाली आणि मुंबई-पुणे सलग जोडलं गेलं. कशेळ्याहून कर्जत बारा-तेरा किलोमीटर, नेरळही साधारण तेवढंच. देशातल्या अगदी पहिल्या रेल्वेमार्गांपैकी एक इतक्या जवळून गेला, आणि तरी आपल्या भागाला त्याचा फायदा पुढची शंभर वर्षं अर्धामुर्धाच मिळाला. कारण सरळ आहे. रेल्वे कंपनीची जबाबदारी स्टेशनच्या कुंपणाशी संपत होती. कुंपणापासून भाताच्या खाचरापर्यंतचा रस्ता कोणाचा, हे कोणत्याच करारात नव्हतं.

पैसे मात्र शेतकऱ्याकडून घेतले जात होते. १८६९ च्या कायद्याने शेतसाऱ्याच्या प्रत्येक रुपयावर एक आणा लोकल फंडाची पट्टी बसली. त्यातले दोन भाग रस्ते आणि बांधकामांना, एक भाग शाळांना. पुढे १८८४ साली लोकल बोर्डांचा कायदा झाला आणि हा पैसा बोर्डाच्या हाती आला. त्यात आपल्या तालुक्याचं आणखी एक त्रांगडं झालं. कर्जत तालुका पूर्वी ठाणे जिल्ह्यात होता, १८९१ साली तो कुलाब्याला जोडला गेला. ठाण्याला माणूस कर्जतहून रेल्वेत बसून थेट जाऊ शकत होता. अलिबागला प्रवासी रेल्वे तेव्हा नव्हती आणि आजही नाही. म्हणजे ज्या गावाला रस्त्यासाठी अर्ज करायचा, त्याची कचेरी त्याच्यापासून आणखी लांब गेली. खालापूरच्या मंडळींची तीच गत.

खासगी पैशाने काय होऊ शकतं ते नेरळकरांनी पाहिलं. आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने स्वतःचा पैसा घालून १९०७ साली माथेरानची छोटी गाडी डोंगरावर नेली. हवा खायला जाणारा प्रवासी तिकिटाचे पैसे देऊ शकत होता. आमच्या जांभळं-करवंदं घेऊन निघालेल्या ठाकरणीसाठी कोण रूळ टाकणार? १९२२ साली भिवपुरीचं वीजघर सुरू झालं, वीज तारांवरून मुंबईला गेली. तारा आमच्या तालुक्यातून, दिवे तिकडे. असो.

१ जून १९४८ ला पुणे-नगर मार्गावर पहिली एसटी धावली. १९५० साली परिवहन महामंडळांचा कायदा आला. तरुण सभासदांना आता गंमत वाटेल, पण माझ्या लहानपणी एसटी येणं म्हणजे सरकार येणं. मात्र रस्ते आठमाही. दिवाळी ते मृग गाडी, पुढे चार महिने नाक्यापर्यंत आलं की पायात चिखल आणि डोक्यावर इरलं. ओढ्याला पाणी असेल तर साकवावरून, साकव नसेल तर पाणी ओसरेपर्यंत बसून. बाळंतीण असो की ताप आलेलं पोर असो, डोलीशिवाय उपाय नव्हता.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. एसटी ही राज्याची, आणि गावाचा रस्ता हा लोकल बोर्डाचा, नंतर जिल्हा परिषदेचा. रस्ता आणि मोऱ्या जड वाहनाला योग्य आहेत असं रस्तेवाल्यांनी कळवल्याशिवाय एसटीवाले फेरी देत नाहीत, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. गाडीत पन्नास जीव बसतात. रस्तेवाले म्हणणार, गाडीच येत नाही तर या रस्त्याला प्राधान्य कसं द्यायचं? आमच्याकडे बँकेत याला 'तारण आधी की कर्ज आधी' म्हणत. दोन्ही बाजू नियमाने बरोबर, आणि खातं मात्र उघडत नाही.

वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा जिल्हा परिषद कायदा झाला आणि १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा कामाला लागल्या. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग त्यांच्याकडे, वरचे मोठे रस्ते बांधकाम खात्याकडे. त्यानंतर १९७२ चा दुष्काळ आला आणि रोजगार हमी योजना राज्यभर पसरली. आमच्या पगारातून जो व्यवसाय कर कापला जायचा, तो १९७५ च्या कायद्याने याच योजनेसाठी सुरू झाला होता, आणि तेवढीच रक्कम राज्य सरकारने आपली घालायची होती. कापल्याबद्दल कुरकुर करणाऱ्या सहकाऱ्यांना मी सांगायचो, "अरे, तुमच्या पैशाने आमच्या वाडीला मुरूम पडतोय." खरंच पडत होता. डोंगराकडेच्या कितीतरी वाड्यांची पहिली वाट त्या मजुरीतून निघाली, आणि ती खणणारे हात वाडीतलेच होते.

पण त्या योजनेत खर्चाचं प्रमाण ठरलेलं होतं : साठ टक्के मजुरी, चाळीस टक्के साहित्य. मातीकाम भरपूर होतं, खडीही अंथरली जाते, पण मोरीला लागणारं सिमेंट-लोखंड आणि वरचं डांबर त्या चाळिसात बसत नाही. मग अर्धा रस्ता हमी योजनेचा, मोरी दुसऱ्या लेखाशीर्षातून, डांबर तिसऱ्या. ती तीन शीर्षं एका वर्षात जुळली तर एसटी, नाही जुळली तर दोन पावसाळ्यांत खडी ओढ्यात. 'कामच झालं नाही' अशी तक्रार आपण करतो, पण माझ्या मते पैसे पुष्कळदा होते. ते एका कागदावर आले नव्हते.

उलट उदाहरण मुक्कामी गाडीचं. याबद्दल फारसं कोणी लिहीत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. संध्याकाळची शेवटची गाडी गावात वस्तीला राहायची आणि पहाटे तीच गाडी शाळा-कॉलेजची मुलं, दूधवाले, लोकल पकडणारे नोकरदार यांना घेऊन निघायची. ती गाडी मिळवायची तर ग्रामपंचायतीने ठराव करायचा, ड्रायव्हर-कंडक्टरला झोपायला खोली द्यायची, दिवा-पाणी द्यायचं, गाडी वळवायला जागा मोकळी ठेवायची. डिझेल आणि पगार महामंडळाचा, खोली पंचायतीची, रस्ता जिल्हा परिषदेचा. तीन संस्था एका गाडीवर! आणि ती व्यवस्था वर्षानुवर्षं चालली, कारण प्रत्येकाला आपला वाटा तोंडपाठ होता. खोलीचं छत गळलं की कंडक्टर सरपंचालाच धरायचा, अलिबागला पत्र लिहावं लागत नव्हतं. गावातली बाई त्यांना भाकरी द्यायची ती कुठल्या ठरावात नव्हती, पण तिच्यामुळेही गाडी टिकली हे नोंदवलं पाहिजे.

नंतर जीप आणि रिक्षा आल्या. वाहनकर्जाची प्रकरणं मी स्वतः हाताळली आहेत. अर्ज आला की मी पहिल्यांदा रस्ता बघायला जायचो. खड्ड्यांच्या रस्त्यावर टायर आणि स्प्रिंगपाट्यांचा खर्च इतका यायचा, की हप्ता कुठून भरणार? चांगल्या रस्त्यावरच्या मुलाने कर्ज वेळेआधी फेडलं, आणि तेवढाच कष्टाळू दुसरा, वाडीच्या रस्त्यावरचा, थकबाकीत गेला. माणूस तोच, फरक डांबराचा. शेअर रिक्षाला नावं ठेवणाऱ्यांपैकी मी नाही. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत एसटीचा संप चालला तेव्हा या भागाला त्यांनीच फिरतं ठेवलं. पण रिक्षा भरल्याशिवाय सुटत नाही, आणि रात्री एकट्या पेशंटसाठी तिचं भाडं मजुराच्या दिवसाच्या कमाईला भिडतं.

डिसेंबर २००० मध्ये प्रधानमंत्री ग्रामसडक योजना आली, २०१५ मध्ये राज्याची मुख्यमंत्री ग्रामसडक योजना. या योजनांनी जे केलं ते आधी झालं नव्हतं : पाया, मोरी, डांबर एकाच अंदाजपत्रकात, आणि प्रधानमंत्री योजनेत पाच वर्षांची देखभाल ठेकेदाराच्या करारातच लिहिलेली. पूर्वी पूर्ण खर्च केंद्राचा होता, आता साठ-चाळीस. चांगली योजना आहे, पण सहाव्या वर्षी काय? सहाव्या वर्षी रस्ता पुन्हा जिल्हा परिषदेच्या तुटपुंज्या देखभाल निधीवर. ज्यांना रस्त्याची परीक्षा घ्यायची असेल त्यांनी सहाव्या वर्षीच्या श्रावणात घ्यावी.

आपल्याकडच्याच एका छोट्या तुकड्याचं सांगतो. नाक्यापासून आपल्या गेटापर्यंतची वाट कोणाची, यावर पहिली चार वर्षं नुसता पत्रव्यवहार झाला. शेवटी पंचायतीने मुरूम आणि रोलर द्यायचा, सोसायटीने पाइप-मोरीचा खर्च करायचा, गटार दरवर्षी मे महिन्यात सोसायटीने साफ करायचं, असं एका पानावर लिहून दोघांनी सह्या केल्या. तो कागद इतिवृत्ताच्या वहीत चिकटवलेला आहे. मोरी अजून शाबूत आहे.

मोठ्या प्रमाणावर हेच पुण्यात झालं. पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांनी आपापल्या वेगळ्या बससेवा २००७ साली एकत्र करून पीएमपीएमएल ही एक कंपनी केली, वाटा साठ आणि चाळीस टक्के. ती तोट्यात आहे म्हणून लोक हसतात. पण तोटा कोणी किती सोसायचा हे तिथे लिहिलेलं आहे, म्हणून बस हद्दीपाशी थांबत नाही. मुंबईच्या लोकलसाठी १९९९ साली रेल्वे विकास कॉर्पोरेशन निघालं, एक्कावन्न टक्के रेल्वेचे, एकोणपन्नास राज्याचे. पनवेल-कर्जत उपनगरी मार्ग त्याच्याच हातात आहे. मधली स्टेशनं चिखले, मोहोपे आणि चौक, आणि वावर्ल्याचा बोगदा अडीच किलोमीटरहून जास्त लांब. १८५६ मध्ये जे कंपनीने एकटीने केलं, ते आता दोन सरकारं वाटून घेऊन करताहेत. कुंपणाबाहेरचा प्रश्न मात्र तोच आहे. कर्जतला उतरलेल्या माणसाला कशेळ्याला, खांडसला कोण आणणार?

आपल्या नाक्यावर आज शहापूर-मुरबाड-कर्जत-खोपोली हा राष्ट्रीय महामार्ग ५४८अ जातो. त्याला पुढे जिल्ह्याचे रस्ते मिळतात, त्यांना ग्रामीण मार्ग. जिल्हा परिषद अलिबागला, एसटीचं विभागीय कार्यालय पेणजवळ रामवाडीला, आगार कर्जतला. एवढ्या मालकांच्या मधोमध आपण उभे आहोत.

म्हणून माझी एक साधी सूचना आहे, बँकेच्या भाषेत. नवीन फेरी मागताना 'गाडी द्या' एवढंच न म्हणता प्रस्ताव द्यावा. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरीनंतर प्रवास मोफत (मला अजून वर्षभर अर्धं तिकीट काढावं लागेल), बारावीपर्यंतच्या मुलींचा पास मोफत, आणि या सवलतींची भरपाई राज्य सरकार महामंडळाला देतं. म्हणजे मुलींनी भरलेली गाडी रिकाम्या पिशवीची नसते. पण त्या मुली किती, कोणत्या वाडीच्या, किती वाजता सुटतात, हे कोणीतरी मोजून द्यायला हवं. ते काम ग्रामपंचायतींचं आहे. निवारा, दिवा, स्वच्छतागृह आणि ड्रायव्हर-कंडक्टरची खोली वित्त आयोगाच्या निधीतून किंवा स्वतःच्या उत्पन्नातून करता येते. रस्त्यालगतच्या पाच-सहा पंचायतींनी एकच ठराव केला आणि कोणत्या मोरीची जबाबदारी कोणाची हे त्यात लिहिलं, तर तो कागद घेऊन आगारात जाताना हात जोडावे लागणार नाहीत.

बारावीनंतर कर्जतला कॉलेजला जाणाऱ्या आपल्या आवारातल्या मुली मी मोजल्या, सात आहेत. त्यांतल्या दोघींना दुपारनंतरचं प्रॅक्टिकल असतं आणि परतीची गाडी चुकते. त्या दोघींच्या घरी पुढच्या वर्षाबद्दल काय बोललं जातंय हे शेजारी म्हणून मला माहीत आहे. खांडस आणि आंबिवलीच्या बाजूच्या किती मुलींनी आधीच सोडलं, ती मोजणी अजून व्हायची आहे. त्यासाठी एक वही सेक्रेटरींच्या टेबलावर ठेवली आहे : नाव, वाडी, कॉलेज, सुटायची वेळ. सभासदांनी आपल्या ओळखीतल्या वाड्यांची नावं पुढच्या ग्रामसभेच्या आत त्यात भरून द्यावीत.