दुसरी टाकी

गेल्या मार्चमध्ये माझा भाचा जुन्या वर्तमानपत्रात काहीतरी गुंडाळून घरी आला. चिकलठाण्यात, जालना रोडपासून थोडे आत, त्याचे छोटेसे गॅरेज आहे. कागद उलगडला तर आत पिस्टन निघाला. मधोमध बोट जाईल एवढे भोक, आणि भोकाच्या कडा मेणासारख्या ओघळलेल्या. "मामू, तुम्ही बीए आहात, एवढे इंग्रजी वाचून सांगा," असे म्हणत त्याने एक माहितीपुस्तिका पुढे केली. मी बीए झालो तो मराठी वाङ्मय घेऊन. पण भाच्याला नाही म्हणणे मामूला कुठे जमते?

पुस्तिका नायट्रसची होती. लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर २०१० नंतरच्या दशकात ड्रॅग शर्यती झाल्या, तेव्हापासून या पोरांना वेड लागले आहे. सरळ पट्टीवर चारशे मीटर, बारा-पंधरा सेकंदांचा खेळ. त्यासाठी जुनी गाडी घ्यायची, डिकीत निळा सिलिंडर बसवायचा आणि बटण दाबायचे. (रस्त्यावर हे करायला कायद्याची परवानगी नाही, हे मी त्याला आधीच बजावले आहे.) या पोरांनी सिलिंडर नीट बसवला होता. चुकले होते ते पेट्रोल.

पुस्तिका वाचता वाचता मी मात्र भलतीकडेच गेलो. हा वायू म्हणजे नायट्रस ऑक्साइड, आपल्या घाटी दवाखान्यात शस्त्रक्रियेच्या टेबलाजवळ निळ्या नळकांड्यात असतो तोच. १७९९ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टल गावी हम्फ्री डेव्ही नावाच्या विशीतल्या तरुणाने तो स्वतः हुंगून पाहिला आणि मित्रांनाही हुंगवला. त्या मित्रांत रॉबर्ट साउदी आणि कोलरिज हे दोघे कवी होते. म्हणजे या वायूचे पहिले गिऱ्हाईक आमच्याच जातकुळीचे! लोक हसू लागतात म्हणून त्याला हसवणारा वायू हे नाव पडले. पुढे १८४४ मध्ये होरेस वेल्स या अमेरिकन दंतवैद्याने तो हुंगून स्वतःची दाढ काढून घेतली.

त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे तो दवाखान्यातच राहिला. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी त्याला विमानात चढवले. आठ-नऊ किलोमीटर उंचीवर हवा विरळ होते आणि इंजिनाला धाप लागते. तिथे नळीतून हा वायू सोडला की इंजिनाचा श्वास परत येई. या यंत्रणेचे नाव जीएम-१. मेसरश्मिट १०९ सारख्या विमानांत ती होती. १९४४ मध्ये इंग्रजांनीही आपल्या काही मॉस्किटो विमानांत हाच वायू वापरला. युद्ध संपले आणि ही विद्या अमेरिकेतल्या मोटारवेड्यांच्या हाती गेली. १९७६ च्या डेटोना शर्यतीच्या पात्रता फेरीत फॉइट आणि वॉल्ट्रिप या नामवंतांच्या गाड्यांत चोरून बसवलेला नायट्रस सापडला आणि त्यांच्या वेळा रद्द झाल्या.

पुस्तिकेतली खरी गोष्ट मात्र पुढेच होती. नायट्रस स्वतः जळत नाही, तो जाळायला मदत करतो. हवेत वजनाने सुमारे २३ टक्के ऑक्सिजन असतो, नायट्रसमध्ये ३६ टक्के. सुमारे तीनशे अंश सेल्सिअसच्या पुढे तो फुटू लागतो आणि हा ऑक्सिजन मोकळा होतो. आता एवढा ऑक्सिजन आला की त्याच्या वाट्याचे पेट्रोलही यायला हवे. एक भाग पेट्रोल जळायला १४.७ भाग हवा लागते, तर नायट्रस जेमतेम साडेनऊ भाग. म्हणजे वायू जितका सोडाल, त्याच्या एक दशमांशाहून थोडे जास्त पेट्रोल त्याच क्षणी हजर हवे. नसेल तर ज्वाला भलतीच तापते, ठोके बसू लागतात आणि उरलेला ऑक्सिजन पिस्टनवर तुटून पडतो. शुद्ध अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, पिस्टनचा मिश्रधातू त्याच्याही आधी.

या पोरांनी काय केले होते? गाडीच्या मूळ पेट्रोल नळीला एक फाटा फोडून नायट्रसला जोडला होता. इंजिन पूर्ण जोरात असताना मूळ पंपाचा जीव आधीच कंठाशी आलेला. त्यात दुसरा वाटेकरी आला, दाब पडला आणि दोघेही उपाशी राहिले.

उपाय असा की नायट्रससाठी पेट्रोलची वेगळी सोय करायची. चार-पाच लिटरची स्वतंत्र टाकी, तिचा स्वतःचा पंप, गाळणी, दाब बांधून ठेवणारा रेग्युलेटर आणि विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह. त्या टाकीत शर्यतीचे जास्त ऑक्टेनचे पेट्रोल भरता येते, गाडीच्या मुख्य टाकीत नेहमीचेच चालते. आणि एक पहारेकरी स्विच, पेट्रोलचा दाब घसरला की वायू आपोआप बंद करणारा.

हे वाचताना मला अब्बांचे इंजिन आठवले. चिकलठाण्याच्या कंपन्यांच्या पलीकडे आमचा मळा होता, विहिरीवर रॉकेलचे इंजिन. त्याला दोन टाक्या, मोठी रॉकेलची आणि वाटीएवढी पेट्रोलची. पेट्रोलवर चालू करायचे, तापले की कॉक फिरवून रॉकेलवर घ्यायचे आणि बंद करण्याआधी पुन्हा पेट्रोलवर आणायचे. एकदा मी रॉकेलवरच बंद केले. दुसऱ्या दिवशी अब्बांनी दोरी ओढून ओढून खांदा दुखवून घेतला, शेवटी कार्बोरेटर खोलावा लागला. ते रागावले नाहीत. कॉककडे बोट दाखवून एवढेच म्हणाले, "ही लहान टाकी आधी बघायची असते."

त्याच मळ्यावरून इंडियन एअरलाइन्सची अॅव्हरो विमाने विमानतळाकडे उतरत. मला पुढे कळले की या विमानांच्या डार्ट इंजिनांसाठीही एक वेगळी टाकी असे, पाणी आणि मिथेनॉलच्या मिश्रणाची. तापलेल्या दुपारी हवा पातळ होऊन उड्डाणाचा जोर कमी पडे, तेव्हा हे मिश्रण आत सोडत. पाणी गारवा देई, मिथेनॉल जळून इंधनाची भर घाली. लहानपणी आम्ही मात्र फक्त पंखे मोजले.

उन्हाचा विषय निघालाच आहे, तर पुस्तिकेत नसलेली एक गोष्ट भाच्याला मी सांगितली. नायट्रस ३६ अंशांपर्यंतच द्रवरूपात राहू शकतो, मग कितीही दाबा. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतही चाळीस असते. बंद डिकीत सिलिंडरचा दाब भलताच चढतो, तो धोका वेगळाच. पण दाब ठरलेल्यापेक्षा थोडा जरी चढला, तरी त्याच तोटीतून वायू जास्त सुटतो आणि थंडीत बेतलेले पेट्रोल अपुरे पडते. थंड देशातल्या कोष्टकावर विसंबून मराठवाड्यातला पिस्टन वाचायचा नाही.

परवा संध्याकाळी गॅरेजवर गेलो तेव्हा लहान टाकी बसली होती. इंजिन बंद होते. भाच्याने नायट्रसच्या पेट्रोलची नळी मापाच्या डब्यात सोडली, पंप चालू केला आणि व्हॉल्व्ह उघडला. पेट्रोल वाहत असताना दाब किती टिकतो, ते तो काट्यावर बघत होता. मोबाइलमधले सेकंद मी मोजत होतो. काटा थोडा खाली आला. त्याने रेग्युलेटर पाव फेरी फिरवला, डबा टाकीत रिकामा केला आणि म्हणाला, "मामू, पुन्हा मोजा." निळा सिलिंडर कोपऱ्यात ओल्या गोणपाटाखाली होता. त्याला त्या दिवशी कोणी हात लावला नाही.